माळ्यावरचा माल

सांगलीत पावसाळ्यात माणसं भेटली की पहिला प्रश्न एकच असतो: "आयर्विनला किती झालं?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, पहिल्याच आठवड्यात, हा आकडा तासातासाला चढत होता आणि हरभट रोडजवळच्या आमच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात आम्ही चौघं खालचा माल वर न्यायच्या धडपडीत होतो.

कृष्णेचा पूर अंगावर धावून येत नाही. इंचाइंचानं येतो. त्यामुळे सावध दुकानदाराला वेळ मिळतो. आम्हालाही जवळजवळ दीड दिवस मिळाला. आमचा माळा जमिनीपासून नऊ फुटांवर, दुकानाच्या पूर्ण लांबीचा. माझे सासरे, ज्यांना सगळी पेठ अण्णा म्हणते, त्यांनी तो पूर डोळ्यांसमोर ठेवूनच बांधून घेतला होता. दीड दिवसात सगळं दुकान त्या माळ्यावर गेलं असतं. पण दुकानातला मुलगा शिडी चढून गेला, टॉर्च फिरवली आणि वरूनच म्हणाला, "वैनी, सुई ठेवाय जागा न्हाई वर."

मग आम्ही इतर अनेकांनी केलं तेच केलं. २००५ च्या पुरात दुकानात पाणी कमरेएवढं आलं होतं. अण्णांनी भिंतीवर ऑइल पेंटनं तिथं रेघ मारून ठेवली होती. त्या रेघेच्या वर दीड-दोन फूट सोडून आम्ही रॅकमध्ये माल कोंबला आणि देवाचं नाव घेऊन शटर ओढलं. २००५ ला आयर्विनचं पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. २०१९ ला ते ५७ फुटांच्या वर गेलं. मधल्या त्या चार फुटांत आमचं चालतं दुकान होतं.

पाणी ओसरल्यावर शटर उघडायलाच तिघांची ताकद लागली. कागद भिजला की फुगतो, हे आयुष्यभर कागद विकून मला ठाऊक होतं. पण फुगलेल्या वह्यांचे गठ्ठे लोखंडी रॅकमध्ये इतके घट्ट बसतात की पहार घालून रॅकच तोडावे लागतात, हे तेव्हा कळलं. चित्रकलेच्या वह्या, रजिस्टरं, झेरॉक्सच्या कागदाच्या पेट्या, २ सप्टेंबरला येणाऱ्या गणपतीसाठी भरलेला सजावटीचा कागद, सगळ्याचा करडा लगदा झाला होता. वास महिनाभर गेला नाही.

आणि वर, माळ्यावर, सगळं कोरडं होतं.

काय होतं तिथं? दहावीचा अभ्यासक्रम २०१८ च्या जूनपासून बदलला, नववीचा त्याच्या आदल्या वर्षी. या दोन्ही इयत्तांच्या जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, सतरा गठ्ठे. फॅक्स मशीनचे रोल. कार्बन पेपरची खोकी. ग्रीटिंग कार्डांचे तीन पेटारे, कारण एकेकाळी दिवाळीत आणि एक जानेवारीला दुकानासमोर त्यासाठी रांग लागायची. थर्माकोलची मखरं, २०१८ च्या बंदीनंतर ती विकणंच बेकायदा झालं होतं. पाच वर्षांच्या न खपलेल्या डायऱ्या. कंपन्यांनी दिलेले आणि मोडलेले पेनांचे स्टँड. आणि स्कीमचा माल: दहा डझनावर एक डझन फुकट म्हणून घेतलेल्या कंपासपेट्या, ज्यांतला कंपास पहिल्याच वर्तुळाला ढिला व्हायचा.

आम्ही नऊ फुटांवरची, पुरापासून सुरक्षित, दुकानातली सर्वांत मोलाची जागा या मालाला दिली होती. आणि खपणारा माल खाली ठेवला होता. हे एका दिवसात झालं नव्हतं. दर वर्षी काही ना काही खपायचं राहिलं, ते 'तूर्तास वर टाकू' म्हणून गेलं, आणि पुन्हा कुणी पाहिलं नाही. टाकून द्यायचं धाडस नव्हतं, कारण त्यात पैसे घातलेले होते. पण पैसे गेले होते ते गाइडं घेतली तेव्हा आणि अभ्यासक्रम बदलला तेव्हा. माळ्यावर ठेवल्यानं त्यांतला एक रुपयाही वाचला नव्हता. उलट, त्या गाइडांनी खालच्या मालाची जागा अडवली, आणि मग खालचा मालही गेला.

विमा होता. सर्व्हेअर आले, चिखलात उभे राहिले आणि त्यांनी साठ्याची यादी मागितली. आमची यादी मार्चअखेरची होती, तीही बसून अंदाजानं लिहिलेली. माळ्यावरचा सगळा मेलेला माल वहीत खरेदीच्या भावानं जिवंत होता. त्यामुळे वहीतला साठा विम्याच्या रकमेपेक्षा बराच मोठा दिसत होता. विम्यात याचा अर्थ काय होतो, ते प्रत्येक दुकानदारानं समजून घ्यावं. दुकानात १० लाखांचा माल आहे आणि विमा ६ लाखांचा, तर ५ लाखांचं नुकसान झालं तरी ५ लाख मिळत नाहीत. त्याच प्रमाणात कापून ३ लाख मिळतात. म्हणजे खपणार नाही हे आम्हाला माहीत असलेल्या मालानं कागदावर आमचा साठा फुगवला आणि भरपाई कमी केली. हिशेबाचा नियम खरं तर साधा आहे: माल खरेदीला जेवढ्याला पडला ती किंमत आणि आज विकून प्रत्यक्ष जे येईल ती किंमत, या दोन्हींत जी कमी तीच साठ्यात धरायची. जुन्या गाइडाची किंमत रद्दीची. ती दर ३१ मार्चला रद्दीच्याच भावानं लिहिली असती, तर वही खरी राहिली असती आणि तो आकडा डोळ्यांत खुपून माळाही कधीच रिकामा झाला असता.

आता माझी दुसरी चूक. पहिली तीस वर्षांत झाली, ही दोन दिवसांत.

दसरा जवळ आला होता. खंडेनवमीला दुकान स्वच्छ हवं, आणि मला त्या माळ्याचा इतका संताप आला होता की मी टेम्पो बोलावला, रद्दीवाल्याला उभं केलं आणि दोन दिवसांत सगळा माळा खाली ओतला. काही पाहिलं नाही, काही मोजलं नाही. अण्णा दुकानाच्या पायरीवर बसून होते. एकदाच म्हणाले, "सूनबाई, खोकं उघडून बघ गं." मी म्हणाले, "अण्णा, तीस वर्षं उघडून बघितलं नाही, आता काय बघायचं?"

त्या खोक्यांत आमच्या खरेदी-बिलांच्या फायली होत्या. चालू वर्षाची बिलं गल्ल्याखालच्या खणात होती, ती पुरात गेली. मागच्या वर्षांची वर, गाइडांच्या गठ्ठ्यांमध्ये, कोरडी आणि सुरक्षित होती, ती मी किलोच्या भावानं विकली. २०२३ मध्ये जीएसटीची नोटीस आली. १ जुलै २०१७ ला जीएसटी सुरू झाला, त्या पहिल्या वर्षाच्या खरेदीवर आम्ही जी कराची वजावट घेतली होती, तिचा पुरावा मागितला होता. एजन्सीवाल्यांचे पाय धरून काहींच्या नकला मिळवल्या. एक एजन्सी बंद पडलेली, तिथला माणूस गाव सोडून गेलेला. जेवढ्याची बिलं दाखवता आली नाहीत, तेवढा कर व्याजासकट भरला. नोटीस पाठवणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. कायदा सांगतो की हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची. उदाहरणार्थ, २०२३-२४ च्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे त्या वर्षाची बिलं ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हवीत. आज आमच्या प्रत्येक फायलीच्या पाठीवर वर्ष नाही, ही शेवटची तारीख लिहिलेली असते. ती तारीख उलटेपर्यंत फाइल कुणी हलवत नाही, आणि फायली दुकानात नाहीत, विश्रामबागेत घरी आहेत. शिवाय प्रत्येक बिलाचा फोटो आल्या दिवशीच काढून ठेवतो.

ज्यांच्या दुकानात असा एखादा माळा, पोटमाळा, जिन्याखालचा कोपरा किंवा मागची खोली आहे, त्यांना म्हणून मी कळकळीनं सांगते: तो भरत राहू नका, आणि संतापाच्या भरात उपसूही नका. दोन्हींची किंमत मी मोजली आहे.

आम्ही आता माळा आवरायचं काम गुढीपाडव्याच्या सुमारास करतो, दसऱ्याला नाही. वह्या-पुस्तकांच्या धंद्यात परीक्षा संपल्या की एप्रिलमध्ये गिऱ्हाईक पातळ होतं आणि मेच्या मध्यापासून शाळांचा माल उतरायला लागतो. मधले हे पाच-सहा आठवडे आपले. शिवाय ३१ मार्चला साठा मोजायचाच असतो. मग तो अंदाजानं न लिहिता हातानं मोजला, तर मोजणी आणि आवराआवर एकाच कष्टात होतात. तुमचा धंदा कापडाचा असेल, भांड्यांचा असेल, तर तुमची रिकामी वेळ वेगळी असेल. ती शोधा. सणाच्या तोंडावर केलेली सफाई म्हणजे नुसती फेकाफेक होते, हा माझा अनुभव.

रोज रात्री शटर अर्धं ओढून दीड तास. एका रात्री एक फळी, जास्त नाही. माल खाली काढायचा, फळी पुसायची, वाळवी-झुरळं-ओल बघायची, मीटरपाशी काही ढकललेलं नाही ना ते बघायचं. मग वही घेऊन लिहायचं: काय, किती नग, कोणत्या सालची खरेदी, काय भाव पडला, आणि शेवटचं कधी विकलं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. दोन दिवाळ्या उलटून गेल्या आणि तो नग विकल्याचं कुणालाच आठवत नसेल, तर त्याच्यापुढे फुली. आता नवीन खोकं आलं की त्यावर मार्करनं महिना-साल लिहितो, त्यामुळे आठवणीवर विसंबावं लागत नाही.

त्या रात्री निर्णय घ्यायचा नाही. हे मी अण्णांकडून शिकले. पहिल्या वर्षी मी एकेक वस्तू दाखवायची आणि ते म्हणायचे, "राहू दे, लागेल." मी म्हणायची, "टाका." दोघंही चिडायचो. मग ठरलं की ते वही धरतील आणि मी माल उचलेन. तोंडातून फक्त आकडे काढायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना वही उघडायची. पाच रुपयांना पडलेले दोनशे नग आणि पुढे फुली, असं स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं दिसलं की अण्णा आपणहून म्हणायचे, "काढा हे." ज्यानं माल घेतला त्याचा जीव त्यात असतो. त्याच्या हातून तो हिसकावून घेतला तर त्याला आपला निर्णय, आपलं आयुष्य चुकीचं ठरवल्यासारखं वाटतं. मुलं-सुना नव्यानं दुकानात आल्या की हे हमखास होतं. मला ते आधी कळायला हवं होतं.

अण्णांच्या एका वस्तूला मात्र फुली नाही. निबांचा लाकडी खण. त्यात टाकाच्या निबा अजून तेलकट कागदात आहेत. त्याची किंमत वहीत शून्य आणि जागा गल्ल्यामागच्या भिंतीवर. दुकानात अशी एक जागा असावी. पण एकच.

काढायचं ठरलं म्हणजे लगेच रद्दी नव्हे. आधी एजन्सीला विचारा. न खपलेला माल परत घ्यायची मुदत ठरलेली असते आणि बहुतेक दुकानदार ती विसरतात, आम्हीही विसरायचो. मग ज्याला ती वस्तू खरंच लागते असा माणूस शोधा. आमची जाड पुठ्ठ्याची खतावणी-रजिस्टरं दोन पतपेढ्यांनी घेतली. क्रेप आणि घोटीव कागद जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या शिक्षकांनी स्नेहसंमेलनासाठी नेला. कडा पिवळ्या पडलेल्या वह्या क्लासवाल्यांनी कच्च्या कामासाठी निम्म्या भावात उचलल्या. हे एप्रिलमध्ये करा. जूनमध्ये दारात सवलतीचा ढीग लावला तर नव्या मालाचा भाव पडतो. आणि पिवळी वही नव्या गठ्ठ्यात सरकवून लेकराला पूर्ण किमतीत देऊ नका. ते आई-बाप पुन्हा दुकानात येत नाहीत, आणि का येत नाहीत हेही सांगत नाहीत.

पेनं एकेक करून कागदावर चालवून बघा. डिंकाच्या बाटल्या उलट्या करा. खोडरबर प्लॅस्टिकला चिकटून वितळतो, त्या पेट्या वेगळ्या काढा. घड्याळाचे, कॅल्क्युलेटरचे सेल गळून पांढरी भुकटी आली असेल तर उघड्या हातानं धरू नका आणि कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

एक गोष्ट सी.ए.ना विचारल्याशिवाय करू नका. जो माल फुकट वाटला, नष्ट केला किंवा वहीतून कमी केला, त्यावर खरेदीच्या वेळी घेतलेली जीएसटीची वजावट परत करावी लागते. पुरात नष्ट झालेल्या मालालाही हे लागू. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, म्हणून आमच्या गाइडांचा प्रश्न नव्हता. पेनं, फायली, रंगपेट्यांचा होता. म्हणून कमी भावात का होईना, बिल करून विकणं हे फेकण्यापेक्षा बरं. मिळालेल्या भावावर कर भरायचा आणि मोकळं व्हायचं. शाळेला काही दान द्यायचं असेल तर जरूर द्या, आम्हीही देतो, पण ती वजावट परत करायची हे धरूनच द्या.

आणि सगळ्यात आधी स्कीमला नाही म्हणायला शिका. आमच्या माळ्याचा निम्मा माल 'एक फुकट'च्या मोहातून आला होता. अकरावा डझन फुकट मिळतो, पण दहा खपले तर. सहा खपले तर चार डझनांचे पैसे अडकतात आणि पाच डझन माळ्यावर जातात. आता एजन्सीचा माणूस स्कीम सांगायला लागला की मी त्याच वहीतलं मागच्या वर्षीचं पान उघडते. किती विकलं तेवढंच घेते. त्याला राग येतो, येऊ दे.

आमचा आणखी एक नियम सांगलीपुरता आहे, पण नदीकाठच्या कुठल्याही पेठेला लागू पडेल. जून ते सप्टेंबर माळा निम्मा रिकामा. कितीही चांगला भाव मिळाला, कितीही माल स्वस्त आला, तरी त्या निम्म्या भागात काही जात नाही.

२०२१ च्या जुलैत पुन्हा आयर्विनचे आकडे सुरू झाले. चाळीस झालं आणि आम्ही शिडी लावली. या वेळी कोणता माल आधी न्यायचा हेही वहीत होतं: झेरॉक्सचा कागद, रजिस्टरं, मग शालेय वह्या, शेवटी काचसामान. झेरॉक्स मशीन दोरानं ओढून वर घेतलं. निबांचा खण अण्णांनी स्वतः छातीशी धरून रिक्षातून घरी नेला. संध्याकाळपर्यंत खालचे रॅक उघडे पडले होते. धोक्याची पातळी ओलांडून पाणी दुकानात आलंच. भिंतीवर तिसरी रेघ उमटली. पण शटर ओढताना खाली फक्त लोखंड आणि लाकूड होतं.

पाणी उतरल्यावर चिखल काढायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी अजून वीज यायची होती, फरशी ओली होती, आणि पायरीवर माणसं येऊन उभी राहिली. पंचनाम्याचे अर्ज लिहायचे होते. कोरा कागद हवा होता, पेन हवं होतं, भिजलेली आधार कार्डं आणि पासबुकं ठेवायला प्लॅस्टिकचे फोल्डर हवे होते. २०१९ ला हीच माणसं आली होती आणि मी रिकाम्या हातांनी त्यांना परत पाठवलं होतं. या वेळी मुलगा वरून रिमा खाली देत होता, मी पायरीवर पाट टाकून बसले होते, आणि अण्णा एका आजीबाईंचा अर्ज लिहून देत होते.